कॅरिआकूच्या शाळेत पुन्हा शिकवायला जायचे आहे. सहा आठवड्यांत काय करता येईल?

पाटीपेन्सिल (१२ नोव्हेंबर २०२४)

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे, कारण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय त्यातली अडचण कळणार नाही.

मी मूळची सांगलीची. गेली सव्वीस वर्षे कॅनडात आहे आणि तिथल्या प्राथमिक शाळेतून २०२२ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर २०२३ च्या जानेवारीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी ग्रेनाडा देशातल्या कॅरिआकू बेटावर एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून काम केले. क्रिकेटमुळे वेस्ट इंडिज आपल्या ओळखीचे असते, पण कॅरिआकूचे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते. ग्रेनाडाच्या मुख्य बेटाच्या उत्तरेला असलेले हे बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यावर एकही नदी नाही. छपरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळीतून टाक्यात उतरवायचे आणि तेच पुरवून पुरवून वापरायचे, अशी तिथली रीत आहे. पावसाळ्यात मका आणि तूर पेरतात. पहिल्याच आठवड्यात मी एका विद्यार्थ्याच्या घरी गेले, तेव्हा त्याची आजी पायरीवर बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. मी काही न बोलता शेजारी बसले आणि सोलू लागले. त्यानंतर त्या आळीत मला कोणी परके मानले नाही.

वाचनात मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट घेऊन त्यांना वाचायला शिकवणे हे माझे काम होते. निघायच्या दिवशी एका मुलीने विचारले, "मिस, यू कमिंग बॅक?" मी "हो" म्हणाले. ते मनापासून म्हटले होते, परंतु पुढच्या वर्षी घरच्या आजारपणामुळे जाता आले नाही.

आणि मग १ जुलै २०२४ रोजी बेरील चक्रीवादळ थेट कॅरिआकूवर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. बेटावरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक इमारतींची पडझड झाली. छप्पर उडाले की तिथे निवाऱ्याबरोबर पाणीही जाते, हे ज्यांनी ती टाकी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. आमच्या शाळेच्या एका बाजूचे छप्पर गेले आणि वाचनकोपऱ्यातली पुस्तके भिजून त्यांचा लगदा झाला. आता काही वर्ग तंबूत भरतात.

येत्या जानेवारीत मला सहा आठवडे जाता येईल, त्याहून जास्त नाही. एवढ्या थोड्या काळासाठी जाणे योग्य आहे का, बरोबर काय न्यावे, आणि वादळाविषयी मुलांशी बोलावे की बोलू नये, याबद्दल मला तुमचे मत हवे आहे.

आणखी एक गोष्ट दीड वर्ष मनात सलते आहे. गटातला एक मुलगा "मास्क" हा शब्द "मास" असा वाचत असे. मी तीनदा दुरुस्त केले. चौथ्यांदा त्याने पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुन्हा तोंड उघडले नाही. नंतर समजले की तिथे "मास" म्हणजे कार्निव्हलमधले सोंग. शब्दाचा अर्थ त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. अशा वेळी नेमके काय करायला हवे होते, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही.

सह्याद्रीपार (१२ नोव्हेंबर २०२४)

ताई, तुमची तळमळ स्पष्ट दिसते. तरीही मला जे वाटते ते सरळ लिहितो, राग मानू नये.

तुमच्या प्रश्नात मुले आहेत, तुम्ही आहात, दिलेला शब्द आहे. वर्गशिक्षिका मात्र कुठेच नाही. मी एका संस्थेच्या वतीने काही वर्षे आपत्तीनंतरच्या शाळांमध्ये जात असे. तिथे वारंवार दिसलेली गोष्ट अशी की बाहेरून आलेला माणूस मुलांना घेऊन बसतो, आणि ज्या बाईंचे स्वतःचे घर पडलेले असते त्या बाई त्याच्यासाठी बाक शोधणे, मुलांची निवड करणे, त्याला परिसर दाखवणे, यात आपला वेळ घालवतात. त्या बाईंना त्याच दिवशी नुकसानभरपाईचा अर्ज भरायचा असतो, सुतार गाठायचा असतो, घरी स्वतःची लेकरे असतात. त्या आदरापोटी काही बोलत नाहीत.

म्हणून आधी हे सांगा की शाळेने तुम्हाला बोलावले आहे का, आणि बोलावले असेल तर कशासाठी. केवळ "या, आम्हाला आनंद होईल" असे उत्तर आले असेल, तर ते सौजन्य समजावे आणि तिकिटाचे पैसे शाळेला पाठवावेत. नेमके काम सांगितले असेल तर अवश्य जावे, आणि तेवढेच करावे.

पाटीपेन्सिल (१३ नोव्हेंबर २०२४)

राग मुळीच आला नाही. तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री वर्गशिक्षिकेला स्वतंत्रपणे लिहिले, जे मी खरोखर आधीच करायला हवे होते. मुख्याध्यापिकेचे पत्र होतेच, पण ते तुम्ही म्हणता त्याच प्रकारचे, सौजन्याचे होते.

वर्गशिक्षिकेचे उत्तर आज आले आणि ते नेमके आहे. चौथीत अकरा मुले अशी आहेत की ज्यांची शाळेची सुरुवातच कोविडच्या काळात, घरी बसून झाली, आणि आता वादळामुळे पुन्हा खंड पडला. सहावीच्या शेवटी त्यांना कॅरिबियन परीक्षा मंडळाच्या प्राथमिक निर्गम मूल्यमापनाला बसायचे आहे. त्यात शाळांतर्गत कामाला ४० टक्के आणि बाह्य परीक्षेला ६० टक्के भार असतो, आणि ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्याचे गणितही बुडते. या अकरा जणांना रोज तास-दीड तास वाचन द्यावे, एवढेच त्यांनी मागितले आहे. शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिले आहे की, दिवसाचा शेवटचा तास कोणी सांभाळला तर घराच्या कामावर लक्ष ठेवायला जाता येईल. त्यांच्या घराला अजून ताडपत्रीच आहे.

खाडीकिनारा (१३ नोव्हेंबर २०२४)

नमस्कार. मी ग्रेनाडाच्या मुख्य बेटावर, सेंट जॉर्जेस शहरात, नोकरीनिमित्त नऊ वर्षे राहिलो आहे आणि कॅरिआकूला अनेकदा गेलो आहे. तुम्हाला बेट माहीत आहे, त्यामुळे ठाऊक असलेले सांगत नाही. फक्त बदललेल्या परिस्थितीत काय उपयोगी पडेल तेवढे लिहितो.

पुस्तकांच्या बॅगा भरून नेऊ नका. वादळानंतर परदेशांतून पुस्तके पुष्कळ येतात आणि त्यांतली बरीचशी बर्फातल्या ससुल्यांची असतात. तुमच्या मुलांनी बर्फ फक्त खोक्यात पाहिलेला आहे. वह्या, पेन्सिली, खडू सेंट जॉर्जेसमध्ये विकत मिळतात आणि तिथे घेतले तर पैसा त्याच देशात राहतो. तिथला डॉलर १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला असल्यामुळे हिशेबही सोपा पडतो. कॅनडातून न्यायचेच असेल तर चांगला सौर दिवा, पाने पाण्यापासून जपणारे प्लॅस्टिकचे आवरण आणि तुमच्या स्वतःपुरती औषधे न्या. पिण्याच्या पाण्याची सोय आधी विचारून ठेवा. ज्या घरी उतराल त्या घराचे टाके पुन्हा भरू लागले आहे की नाही, हे विचारायला संकोच करू नका, कारण जानेवारीपासून कोरडे दिवस सुरू होतात आणि तुमची रोजची अंघोळ कोणाच्या तरी साठ्यातून होत असते.

वाचनाचे पाठ तुम्ही तिथल्याच गोष्टींवर स्वतः लिहावेत, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. मुख्य बेटावरून बोटीने येताना वाटेत किक-एम-जेनी हा समुद्रात बुडालेला जिवंत ज्वालामुखी लागतो, १९३९ च्या उद्रेकापासून लोकांना माहीत झालेला. ज्या मुलाने ती बोट एकदा पकडली आहे त्याला त्याविषयी सांगायचे असतेच. विंडवर्ड गावात लाकडी होड्या बांधतात आणि त्या कारागिरीची युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. वर्गातल्या कोणा ना कोणाचा मामा किंवा आजोबा त्या कामात असणार. आणि भालाफेक विसरू नका. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या नीरज चोप्राने ८९.४५ मीटर फेक करून रौप्य मिळवले, तेव्हा ८८.५४ मीटरवर कांस्य घेणारा अँडरसन पीटर्स ग्रेनाडाचा होता. वादळाला सहा आठवडेही झाले नव्हते. हे दोन आकडे फळ्यावर लिहा, त्यांतला फरक काढायला सांगा आणि खाली पाच ओळींचा मजकूर द्या. तुम्ही भारतीय आहात हे कळल्यावर मुले तुम्हाला नीरजविषयी विचारणारच आहेत.

गोदाकाठ (१४ नोव्हेंबर २०२४)

ताई, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी औसा तालुक्यात नोकरीला होतो. कॅरिआकू मी नकाशावर आज पाहिले. परंतु पत्र्याच्या शेडमधली शाळा मी दोन वर्षे चालवली आहे, म्हणून लिहितो.

आमच्या शेडजवळून ट्रक गेला की पत्रे थरथरत आणि सगळा वर्ग बाहेर धावत सुटे. पहिल्या काही दिवसांत मी "बसा, काही नाही" म्हणत असे. ते चुकीचे होते, कारण काही नाही असे त्यांना कोणी सांगावे, अशी स्थितीच नव्हती. नंतर मी त्यांच्याबरोबर बाहेर जाऊ लागलो. सगळे मोजून घ्यायचे, सगळे आहेत म्हणायचे, आत यायचे, आणि धडा जिथे सोडला त्याच ओळीपासून पुढे वाचायचे. सहा-सात आठवड्यांत धावणे थांबले. तुमच्याकडे तंबू आहेत म्हणता, तर वारा सुटला की कापड फडफडेल. त्या वेळी तिथल्या वर्गशिक्षिका काय करतात ते आधी बघा आणि तसेच करा. दोन मोठ्या माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या तर पोरे अधिक बावरतात.

वादळाविषयी विचारू नका. आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली होती आणि प्रत्येकजण मुलांना जवळ घेऊन विचारत असे, "तुझ्या घरातले कोण कोण गेले?" तिसरीतली एक मुलगी होती. पहिल्या पाहुण्यापुढे ती रडली. आठ-दहा दिवसांनी तिसऱ्या पाहुण्याने विचारले, तेव्हा ती हाताची घडी घालून उभी राहिली आणि कविता म्हणावी तशी आई, आजी, लहान भाऊ अशी नावे म्हणून खाली बसली. मी त्या दिवसापासून पाहुण्यांना वर्गात येऊ दिले नाही. मूल आपणहून बोलले तर हातातले काम बाजूला ठेवून पूर्ण ऐकावे. नाही बोलले तर धडा घ्यावा. धडा घेणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. काल जे चालले होते ते आजही चालू आहे, हे मुलाला त्यातूनच कळते.

आणि जाण्याचा दिवस पहिल्याच दिवशी सांगा. भिंतीवर किंवा तंबूच्या खांबाला कागदी दिनदर्शिका लावा आणि रोज एक घर मुलांना खोडू द्या. परत येण्याविषयी या वेळी कोणताही शब्द देऊ नका. पत्र लिहीन म्हणालात तर मात्र लिहा. आमच्याकडे एक प्राध्यापक पहिल्या दिवाळीला आले आणि पुढची सलग चार वर्षे दिवाळीला येत राहिले, कधी दोन दिवस, कधी एकच. त्यांची मुलांना अजून आठवण आहे. त्यांनी काय शिकवले हे कोणालाच आठवत नाही.

अनुस्वार (१५ नोव्हेंबर २०२४)

"मास्क" आणि "मास" याविषयी लिहिते. माझे काम आदिवासी भागातल्या मुलांच्या वाचनाशी संबंधित आहे. तिथेही घरची बोली आणि पुस्तकातली भाषा यांच्यात असेच अंतर असते.

ग्रेनाडातली बोली ही मोडकी इंग्रजी नाही, तिला स्वतःचे व्याकरण आहे. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजने आली की दुसरे गळते, म्हणून "डेस्क"चे "डेस" आणि "कोल्ड"चे "कोल" होते. "थ्री" हा आकडा "ट्री" होतो. हे सगळे नियमाने घडते. "शी डज कम" असे तिथले मूल म्हणते तेव्हा त्याला "ती येत असते" असे म्हणायचे असते. आपल्या मराठीत "येते" आणि "येत असते" यांत जो भेद आपण सहज करतो, तोच भेद ते मूल करते आहे आणि प्रमाण इंग्रजीत तो तितका स्पष्ट राहत नाही. आपल्याकडे "पानी" म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात आणि ते मूल पाण्यासाठीदेखील हात वर करायचे सोडते. तुमच्या विद्यार्थ्याने पुस्तक मिटले, त्यामागे हेच असावे.

मग काय करायचे? त्याने अर्थ बरोबर लावला आहे, हे आधी त्याला कळू द्यायचे. "मास" म्हणजे काय ते त्यालाच सांगू द्यायचे. त्यानंतर उच्चाराची दुरुस्ती सोडून द्यायची आणि डोळ्यांकडे वळायचे. कागदावर ओळीने चार चौकोन काढा, चार खडे द्या, शब्द सावकाश म्हणा आणि प्रत्येक आवाजाला एक खडा चौकोनात सरकवू द्या. मुलाच्या तोंडी तीनच आवाज असतील तर चौथा चौकोन रिकामा राहील. तो रिकामा चौकोन त्याला दिसला की "पुस्तकात इथे आणखी एक अक्षर लिहितात" एवढेच सांगावे. बोलताना त्याने "मास" म्हटले तरी चालेल. लिहिताना आणि वाचताना ते शेवटचे अक्षर त्याला दिसले पाहिजे. एका शब्दाला तीन-चार मिनिटे लागतील. पंधरवड्यानंतर असे शब्द मुले स्वतःच शोधून आणू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक विचारते. कॅरिआकूत कार्निव्हलला शेक्सपिअर मास असते, त्यात सोंगे घेतलेले पुरुष "ज्युलिअस सीझर" नाटकातली भाषणे मुखोद्गत म्हणतात आणि जो चुकतो त्याला प्रतिस्पर्ध्याचा चाबूक खावा लागतो. या अकरा जणांपैकी कोणाच्या घरी असे म्हणणारे कोणी आहे का? असेल तर त्यांना वर्गात बोलवा. ती भाषणे घरात ऐकत वाढलेल्या मुलाला इंग्रजी परकी आहे असे समजून शिकवायला सुरुवात करणे बरोबर होणार नाही.

पाटीपेन्सिल (९ फेब्रुवारी २०२५)

सर्वांना कॅरिआकूहून नमस्कार. इथे इंटरनेट अधूनमधून मिळते, म्हणून उशीर झाला.

अकरा मुलांपैकी नऊ आहेत. दोघांची कुटुंबे बेट सोडून गेली. जिने मला परत येणार का म्हणून विचारले होते ती मुलगीही इथे नाही. तिला ब्रुकलिनला मावशीकडे पाठवले आहे. तिच्या आजीने मला तिचा पत्ता दिला आणि मी पहिल्या आठवड्यातच पत्र टाकले.

गुरुजी, तुम्ही सांगितले तसे मी आधी पाहिले. जानेवारीत इथे जोराचा वारा असतो आणि तंबूचे कापड एकदम आवाज करते. वर्गशिक्षिकेने प्रत्येक दिवसासाठी एका मुलाला दोर तपासायचे काम दिले आहे. कापड फडफडले की तो उठतो, चारी दोर ओढून बघतो आणि "टाइट, मिस" असे सांगून बसतो. बाकीची मुले त्याच्याकडे बघतात आणि पुन्हा पुस्तकाकडे वळतात. माझ्या गटातही आता तेच चालते. दिनदर्शिका खांबाला लावली आहे आणि तिच्यावर आता सात घरे उरली आहेत.

चौकोन आणि खड्यांचा उपयोग खूप झाला. मास्क वाचणारा मुलगा आता पाचवीत आहे, म्हणजे माझ्या गटात नाही. तरी तो मधल्या सुट्टीत येऊन उभा राहिला, म्हणून त्यालाही बसवले. चौथा चौकोन रिकामा राहिल्यावर तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग खडा ठेवून म्हणाला की हे अक्षर लिहायचे असते, बोलायचे नसते. दुसऱ्या दिवशी त्याने "डेस्क", "टेस्ट" आणि "नेस्ट" हे शब्द स्वतः शोधून आणले. त्याच्या आजोबांना मी बोलावले होते. ते बसूनच मार्क अँटनीचे भाषण म्हणू लागले, मधे एका ओळीला अडखळले आणि मागच्या बाकावरून नातवाने ती ओळ पुरी केली. ती ओळ तो वाचू शकला असता का, हे मी त्याला विचारले नाही. पुढच्या आठवड्यात तीच ओळ मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे ठेवणार आहे.

भालाफेकीचा पाठ सर्वांत आवडता ठरला. फरक ०.९१ मीटर आहे, हे मोजून दाखवण्यासाठी मुलांनी तंबूबाहेर दोरी ताणली आणि एवढेच अंतर होते यावर बराच वेळ कोणाचा विश्वास बसेना. ७ फेब्रुवारीला स्वातंत्र्यदिन झाला. आदल्या दिवशी सगळी मुले लाल, पिवळ्या आणि हिरव्या कपड्यांत आली, आणि तोच मजकूर माझ्या गटातल्या दोघींनी सर्वांसमोर वाचला.

शेवटचा तास रोज मी घेते. त्या वेळात वर्गशिक्षिकेने सुतार, पत्रे आणि खिळे यांच्यामागे जाऊन घराचे काम पुढे नेले. मागच्या गुरुवारी छपराला पन्हाळ बसली. शुक्रवारी रात्री एक छोटी सर आली, तेव्हा त्यांचा निरोप आला की येऊन जा. मी गेले. दिवा नव्हता. आम्ही दोघी टाक्याच्या कठड्याशी उभ्या राहिलो आणि आत पाणी पडत होते ते ऐकत होतो.